गच्चीवरची लाल रेघ

दातांच्या डॉक्टरने हात दाखवून अवलक्षण करू नये. बाकी कोणीही करावं. वकिलाचा हात चालला नाही तरी तोंड चालतं, आणि सरकारी नोकराचं दोन्ही बंद पडलं तरी पगार चालू असतो. आमचं मात्र सगळं दुकानच हातावर. माणूस आमच्यासमोर आ करून डोळे मिटतो तो एकाच भरवशावर, की या गृहस्थाचा हात जिथे जायला हवा तिथेच जाईल. आणि माझा जातो, उगाच विनय कशाला करू? तोंडाच्या आत मला केसाएवढी फट दाखवा, मी ती बुजवून देतो. पण तोंडाबाहेरची, हवेतून माझ्या दिशेने येणारी कुठलीही वस्तू आणि माझा हात यांची आजवर गाठ पडलेली नाही. साफिनाझने, म्हणजे माझ्या बायकोने, फेकलेली किल्ली मी जन्मात झेललेली नाही. किल्ली पडते, मी वाकतो, मग ती म्हणते, "राहू दे लुत्फी, मीच आणून देत जाईन हातात."

हे गुपित घरात होतं तोवर ठीक होतं. पण अलेक्झांड्रियात स्क्वॉशची साथ आहे. आमच्या क्लबात पोरं दुधाचे दात पडायच्या आत भिंतीवर चेंडू बडवायला लागतात. दुधाचे दात माझ्याकडे येत असल्यामुळे हे मी अधिकाराने सांगू शकतो. क्लबातलं मुख्य कोर्ट काचेचं आहे आणि काचेला लागून कॉफीची टेबलं. तिथे संध्याकाळी माझे निम्मे पेशंट बसलेले असतात आणि आत घाम गाळणाऱ्यावर मत देत असतात. "डॉक्टर, तुम्ही नाही खेळत हल्ली?" असं कोणी विचारलं की मी खांदा चोळतो. एका खांद्यावर मी इतकी वर्षं काढली. त्या खांद्याला खरं तर पेन्शन द्यायला हवी होती.

आणि मग वहदान आले.

इंजिनिअर वहदान आमच्या विभागाच्या बांधकाम खात्याचे नवे साहेब. नुकतेच दक्षिणेतून, पार वरच्या नाईलकाठच्या कुठल्याशा गावातून बदली होऊन आलेले. उंच, भरदार मिश्या, आवाज विहिरीतून आल्यासारखा. शेजारच्या टेबलावर एकटेच बसले होते. मी सभ्य माणूस, म्हणून म्हणालो, "कधी तरी आमच्याबरोबर खेळा साहेब. आमचाच मान वाढेल."

आता आमच्याकडे याला नावाड्याचं आमंत्रण म्हणतात. मधल्या धारेतला नावाडी काठावरच्या ओळखीच्या माणसाला ओरडतो, "या जेवायला!" काठावरचा ओरडतो, "देव बरकत देवो!" मग होडी पुढे जाते, काठावरचा घरी जातो, आणि दोघांचीही माणुसकी शाबूत राहते. शहरातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. पण दक्षिणेतल्या माणसाला आमंत्रण दिलं की तो होडीपर्यंत पोहत येतो. नाही म्हणणं त्यांच्यात अपमान.

वहदानसाहेबांनी कप खाली ठेवला, हात छातीवर ठेवला आणि म्हणाले, "कधी?"

"अं... माझा खांदा जरा..."

"खांदा बरा होऊ दे. महिन्याने, गुरुवारी सहाला?"

"काचेचं कोर्ट लिहून ठेवू का डॉक्टर?" कॉफीवाला मध्येच म्हणाला. त्याला कोणी विचारलं होतं? पण चार टेबलांनी माना वळवल्या आणि मी हसून हो म्हणालो. काय करणार?

घरी साफिनाझ म्हणाली, "सरळ सांगून टाक, येत नाही म्हणून."

"आणि मग? दवाखाना बंद करून समुद्रावर कणसं भाजू? ज्याला टोमॅटोएवढा चेंडू लागत नाही, त्याच्या हातात ड्रिल बघून कोण तोंड उघडेल?"

"कणसं तरी नीट भाजशील का?" ती म्हणाली. अशा वेळी बायकोचा आधार फार वाटतो.

शेवटी मी कप्तान इंगीला गाठलं. आमच्याकडे खेळ शिकवणाऱ्या प्रत्येकाला कप्तानच म्हणतात, जहाज असो वा नसो. तिची दाढ माझ्याकडे चालू होती. तिच्या तोंडात भरपूर कापूस कोंबला आणि मगच मी माझी हकीकत सांगितली, म्हणजे तिला हसता येऊ नये. तरी ती हसली. थुंकी ओढणारी नळी शिट्टीसारखी वाजली. कापूस काढल्यावर मात्र ती सरळ चेहऱ्याने म्हणाली, "डॉक्टर, माझा एक वर्ग असतो सोमवारी. खास अशाच लोकांचा. मागचं जुनं कोर्ट आहे ना, धोबीखान्याच्या बाजूचं, तिथे. काच नाही, कॉफी नाही. कोणी फिरकत नाही."

सोमवारी मी नवी रॅकेट घेऊन गेलो. तिने ती काढून घेतली आणि हातात फुगा दिला.

"फुगा?" मी म्हणालो. "मी दंतवैद्य आहे."

"फुगा सावकाश येतो डॉक्टर. तुमच्या डोळ्याचा निरोप हाताला पोचायला वेळ लागतो. तेवढा वेळ फुगा देतो, चेंडू देत नाही."

वर्गात आणखी दोघं होती. मिर्वतबाई दस्तनोंदणीत होत्या. फुगा हाताशी यायच्या आत त्या डोळे गच्च मिटून घ्यायच्या. आणि फख्री केकवाला. तो इतक्या उत्साहाने मारायचा की फुगा जागेवर राहायचा आणि फख्रीच गोल फिरायचा. या दोघांना पाहून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! माणसाला आपल्याहून वाईट दिसलं की हुरूप येतो, खोटं कशाला बोला.

इंगीची सगळी तऱ्हाच निराळी. आधी तळहाताने फुगा. मग पोरांचा मोठा मऊ चेंडू, तोही ती रॅकेटने मारत नव्हती, हाताने अलगद टाकायची. टप्पे कितीही पडोत, घाई नाही. मग रॅकेट, पण मूठ निम्म्यावर धरून, म्हणजे ती हाताचाच लांबलेला पंजा वाटावी. जमिनीवर खडूने दोन पावलं काढलेली, त्यावर उभं राहायचं आणि हलायचं नाही. चेंडू जमिनीला लागला की ओरडायचं "टप्पा!" आणि मारताना ओरडायचं "आता!" मी, विद्यापीठाचा पदवीधर, चांगल्या घरातला, धोबीखान्याच्या भिंतीकडे तोंड करून "टप्पा! आता!" ओरडत होतो. पलीकडे इस्त्री करणाऱ्याने हे ऐकून दोनदा काम थांबवलं म्हणे.

"पाय कधी हलवायचे?" मी विचारलं.

"हात शहाणा झाला की. दोघांना एकाच दिवशी कामाला जुंपलं तर दोघेही संपावर जातात."

हे मला पटलं. मीही कोणाच्या मुळावर काम करायच्या आधी वर टोपी बसवत नाही. आणि गंमत म्हणजे दुसऱ्या सोमवारी मला चेंडू लागला! भिंतीवर जाऊन परतही आला. परत आलेल्याचं काय करायचं ते अजून शिकवलं नव्हतं, त्यामुळे तो पोटावर बसला, पण लागला. मी आणि फख्रीने गळामिठी मारली.

"आता रोज घरी भिंत धरा," इंगी म्हणाली. "कमरेच्या खाली एक आडवी रेघ मारा, चेंडू तिच्या वर लागला पाहिजे. आणि नेमासाठी एक चौकोन, दाराएवढा मोठा. लहान नेम नवशिक्याचा जीव खातो."

भिंत आणायची कुठून? घरात सासूबाईंनी दिलेलं काचेचं झुंबर आहे. दवाखान्यात एक दुपार फुगा घेऊन पाहिलं, तर बाहेर बसलेल्या बाईंना वाटलं मुलांसाठी काही नवी सोय केली आहे. दुसऱ्या दिवशी त्या नातवाला घेऊन आल्या आणि त्याने फुग्याशिवाय तोंड उघडायला साफ नकार दिला. राहता राहिली गच्ची. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना, चौथ्यावर घर, आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीची खोली. तिची एक भिंत अगदी कोरी, सपाट. शुक्रवारी पहाटे सगळे साखरझोपेत असताना मी दरवानाच्या खुंटीवरची किल्ली घेऊन वर गेलो आणि दोरी ताणून रंग लावला. लाल. रंगवाल्याने शपथेवर सांगितलं होतं की समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात फक्त लालच टिकतो. आडवी रेघ, वर दाराएवढा चौकोन, चौकोनात मधोमध फुली. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण काम छापल्यासारखं झालं होतं. तिथेच घोटाळा झाला.

दुपारच्या नमाजाला निघालो तर जिन्यात इमारत गोळा झालेली. पाचव्या मजल्यावरच्या इस्मत हानम, म्हणजे इस्मत बाईसाहेब, कठड्याला धरून उभ्या. ऐंशीच्या पुढच्या, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या. अख्ख्या गल्लीला अरे-तुरे करतात आणि गल्ली ऐकून घेते.

"लुत्फी, वर पाहिलंस का?"

"काय हानम?"

"लाल."

मागच्याच महिन्यात मागच्या गल्लीतल्या जुन्या इमारतीवर लाल खूण झाली होती आणि आठवड्यात घणाचे आवाज सुरू झाले होते. आमच्या शहरात भिंतीवर लाल रंग दिसला की लोक आधी सामान बांधतात, मग वाचतात. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? मी स्क्वॉशच्या नादात होतो.

तिसऱ्या मजल्यावरचे नाझीम बे, म्हणजे नाझीमसाहेब, पुढे झाले. हे कस्टममधून निवृत्त झालेले आणि रहिवासी मंडळाचे चिटणीस. कायदा त्यांना तोंडपाठ असतो, विशेषतः नसलेला. "स्पष्ट आहे," ते म्हणाले. "रेघेच्या वरचं पाडणार. चौकोन म्हणजे जिथून फोडायला सुरुवात करायची ती जागा. फुली म्हणजे अपील नाही."

"पण का?" कोणीतरी म्हणालं.

का ते प्रत्येकाला ठाऊक होतं. नाझीम बेंनी बाल्कनी काचा लावून बंद केलेली. इस्मत हानमनी जिन्याचा कोपरा विटांनी बुजवून तिथे कपडे धुण्याचं मशीन ठेवलेलं. माझ्या दवाखान्यातली एक भिंत नकाशात नाही. जो तो मनात म्हणत होता, हे माझ्यामुळे.

मी सांगायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ. तेवढ्यात नाझीम बेंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बरं झालं तुम्ही भेटलात. त्या नव्या इंजिनिअरशी तुम्ही काचेच्या कोर्टात खेळताय ना? आम्ही सगळे येणार बघायला! ज्या हाताने माझी अक्कलदाढ काढायची आहे, तो हात बघू तरी!" मी तोंड मिटलं. अळीमिळी गुपचिळी.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. बशीरकाका, आमचे दरवान, म्हणाले बोकड कापून भिंतीवर रक्ताचा पंजा उमटवावा, दृष्ट उतरते. इतकं लाल आहे, त्यात आणखी थोडं. एकाने टाकीच हलवावी म्हटलं. मी म्हणालो, "पुसून टाकूया का?" इस्मत हानमनी चष्म्यावरून असं पाहिलं की मला पाढे आठवायला लागले. "सरकारी खूण पुसायची? तुरुंगात जायचंय?" तेव्हा ठरलं, की गच्चीवर आळीपाळीने पहारा बसवायचा. कोणी घण घेऊन आला तर त्याला तिथेच अडवायचं.

म्हणजे माझी सरावाची भिंत, मीच रंगवलेली, आणि तिच्यासमोर खुर्ची टाकून नाझीम बे!

पण मग माझी पाळी आली. भर दुपारची, एकट्याची. खुर्ची बाजूला सारली, दाराला आतून कडी घातली, खडूने पावलं काढली आणि हळू आवाजात "टप्पा... आता..." सुरू केलं. इतका निवांत सराव आयुष्यात मिळाला नसता. दुसऱ्या दिवशी मी कोणाची तरी पाळी मागून घेतली. मग रोजच. इमारत गहिवरली. "डॉक्टरांनी दुपारची झोप सोडली आपल्यासाठी," असं म्हणत बायका मला वर ताटं पाठवायला लागल्या. भरलेली वांगी, तळलेली मासळी. मी खात होतो आणि लाजत होतो, पण खात होतो.

एक अडचण झाली. चेंडूचे काळे डाग भिंतीवर उमटायला लागले. नाझीम बे रोज सकाळी चष्मा लावून ते पाहत. "काल कोपऱ्यात होते, आज फुलीजवळ आलेत," ते गंभीरपणे म्हणाले. "भिंत आतून खचतेय." माझा नेम सुधारत होता हे त्यांना काय सांगणार!

शेवटी मंडळाने ठरवलं, विभागाच्या कार्यालयात शिष्टमंडळ न्यायचं. पुढारी कोण? शिकलेला, शांत, इमारतीसाठी झोप सोडणारा माणूस. माझ्याच रेघेविरुद्ध सरकारकडे गाऱ्हाणं घेऊन मीच निघालो. पहिल्या खिडकीवरच्या माणसाने दुसरीकडे पाठवलं, दुसरीवरच्याने चहा पिऊन या म्हटलं, चहा पिऊन आलो तर तो स्वतः चहाला गेलेला. तिसरीवरच्या बाईंनी कपाट उपसलं आणि म्हणाल्या, "तुमच्या इमारतीवर काही कारवाई नाही."

"बघा!" नाझीम बे माझ्या कानात म्हणाले. "कागदच नाही. म्हणजे प्रकरण फार वर गेलंय."

बाईंना आमच्या चेहऱ्यांची दया आली असावी. "मोठे साहेब स्वतः येऊन बघतील," त्या म्हणाल्या. "बुधवारी. वहदानसाहेब."

मी खांबाला धरून उभा राहिलो. नाझीम बेंनी सगळ्यांना सांगितलं की डॉक्टर फार हळवे आहेत.

बुधवारी दुपारी सगळी इमारत गच्चीवर. इस्मत हानमसाठी आरामखुर्ची वर चढवलेली. वहदानसाहेब आले, आम्हाला सलाम केला, मला पाहून मिशीतल्या मिशीत हसले. "डॉक्टर! उद्या सहाला ना?" मी मान हलवली. कशी, ते आठवत नाही. मग ते भिंतीपाशी गेले, रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही आमची नाही."

"नक्की?" नाझीम बे म्हणाले.

"आमच्या माणसांनी इतकी सरळ रेघ आजवर मारलेली नाही."

क्षणभर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण वहदानसाहेबांच्या भुवया खाली आल्या होत्या. "म्हणजे कोणी तरी खोटी सरकारी खूण केली. लोकांना घाबरवून घरं स्वस्तात लाटायची युक्ती असते ही. हे पोलिसांकडे जाईल. गच्चीची किल्ली कोणाकडे असते?"

सगळ्यांनी बशीरकाकांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "साहेब, मी... साहेब, मला तर रेघ सरळ मारता पण येत नाही," एवढंच ते म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला. नाझीम बे म्हणायला लागले, "माणसाचा भरवसा काय सांगावा..." आणि ते ऐकून मला स्वतःची इतकी शरम वाटली की दवाखाना, पेशंट, कणसं सगळं बाजूला पडलं.

"रेघ माझी आहे," मी म्हणालो. "चौकोन, फुली, डागसुद्धा. स्क्वॉशच्या सरावासाठी मारली मी."

कोणी विश्वास ठेवील? छे! इस्मत हानम म्हणाल्या, "लुत्फी, पुरे झाला चांगुलपणा. बशीरला वाचवायला खोटं बोलू नकोस." दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावल्यासारखे रुमाल लावले. ज्या माणसाला एकदाच खरं बोलायचं होतं त्याला या लोकांनी हुतात्मा करून टाकलं!

मग काय करणार? टाकीमागे लपवलेली रॅकेट काढली, मोठा चेंडू काढला, खडूच्या पावलांवर जाऊन उभा राहिलो. चेंडू टाकला. "टप्पा!" मी ओरडलो. "आता!" आणि रॅकेट हवेतून सूं करून गेली. चेंडू माझ्या बुटांशी आणखी एकदा उडून बसला.

कोणी खोकलं.

दुसरा लागला आणि कठड्यावरून खाली, वाण्याच्या टोमॅटोंत. बशीरकाका धावत जाऊन घेऊन आले. तिसरा लागला, नीट लागला, फुलीच्या वर काळा ठिपका उमटला, आणि परत येऊन माझ्या छातीवर बसला. मी तरी थांबलो नाही. चुकत होतो, मारत होतो, ओरडत होतो, कानशिलं तापली होती. शेवटी नाझीम बेंनी भिंतीजवळ जाऊन ताज्या डागावर बोट ठेवलं, वास घेतला आणि ओरडले, "डॉक्टरच आहेत! भिंत खचत नाहीये!" आणि काय सांगू, अख्खी गच्ची हसायला लागली. "हात सलामत राहोत डॉक्टर!" बायकांनी जीभ हलवून लग्नात काढतात तसा आनंदाचा लांब चीत्कार काढला. बशीरकाकांनी माझा खांदाच चुंबला, नेमका तोच.

वहदानसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी मला कठड्यापाशी नेलं. "डॉक्टर, एक विचारू? ती रॅकेट जरा हातात घेऊ का?" त्यांनी ती हातोड्यासारखी धरली. "मी ही वस्तू आजवर कधी धरली नाही."

"मग हो का म्हणालात?"

"तुम्ही बोलावलंत ना! बोलावल्यावर नाही म्हणायचं? आमच्याकडे त्याहून माणूस मेलेला बरा. महिनाभर मला झोप नाही हो. बायको म्हणते, मिश्यांची लाज जाणार."

त्या भल्या माणसाचा चेहरा पाहून मला इतकं भरून आलं, की मी त्यांच्या हातातून रॅकेट काढून घेतली. "आधी हिला बाजूला ठेवा," मी म्हणालो. "फुग्यापासून सुरुवात करायची असते." फुगा कुठला? कोटाच्या खिशात माझे रबरी हातमोजे होते. एक फुगवला, गाठ मारली. पाच बोटांचा गुबगुबीत फुगा वाऱ्यावर डोलायला लागला आणि बांधकाम खात्याचे साहेब, मिश्यांसकट, "टप्पा! आता!" करत त्याच्यामागे धावले. मग रांगच लागली. नाझीम बेंना तीनदा दिला, तिन्ही वेळा तो त्यांच्या टकलावर टेकून पुढे गेला.

पण जाता जाता तेच नाझीम बे जिन्यात माझ्याजवळ रेंगाळले. "वाईट वाटून घेऊ नका हं डॉक्टर. माझ्या अक्कलदाढेचं शनिवारी ठरलं होतं ना... जरा पुढे ढकलूया. घाई काय आहे?" त्यांच्या मागून दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना आठवलं की त्यांची बहीण येणार आहे. आणखी एकाचा दात आपोआप बरा झाला होता.

गुरुवारी आम्ही काचेच्या कोर्टात उतरलोच. दिलेला शब्द, आणि आता लपवायला उरलं तरी काय होतं? इंगीने मोठा चेंडू दिला, टप्पे माफ केले आणि काचेबाहेर उभी राहून टाळ्या वाजवत राहिली. आम्ही दोघं खडूच्या पावलांवर उभे राहून बोंबलत होतो. जिंकलं कोण ते आम्हालाही कळलं नाही. कॉफीवाला म्हणतो, चेंडू जिंकला. वहदानसाहेब घामाने निथळत मला कवटाळून म्हणाले, "पुढच्या गुरुवारी माझ्याकडे जेवायला!" मी सरळ हो म्हणालो. मजा आली, खरंच आली. पण काचेपलीकडे माझे पेशंट कॉफी प्यायचं विसरून बघत होते, आणि त्यांतल्या एकाने नकळत गालावर हात ठेवला होता, तेही मी पाहिलं.

शनिवारी दवाखाना उघडून बसलो. कोणी नाही. हत्यारं उकळली, पुन्हा उकळली. भिंतीवरच्या हसऱ्या दाढेचं चित्र सरळ केलं. साफिनाझ खाली येऊन चहा ठेवून गेली. ती टोमणा न मारता गेली म्हणजे परिस्थिती खरंच वाईट होती. आयुष्यभराची कमाई एका मऊ चेंडूने घालवली, असं वाटून मला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात जिन्यात काठी वाजली. इस्मत हानम. चार मजले उतरून, आणि मागे नाझीम बे, दुसऱ्या मजल्यावरच्या बाई, आणखी दोन-तीन, काय होतंय ते बघायला. हानम सरळ खुर्चीत जाऊन बसल्या.

"हा खालचा उजवा. रात्रभर ठणकतोय. काढ."

"हानम, तुम्ही बुधवारी गच्चीवर होतात," मी म्हणालो. "माझा हात पाहिलात तुम्ही."

"पाहिला. बशीरवर वेळ आली तेव्हा कोणाचा हात वर झाला, तेही पाहिलं. आमच्यापैकी कोणाचा झाला नाही." त्यांनी दाराकडे पाहिलं, दारातल्या मंडळींनी जमिनीकडे पाहिलं. "आणि राहिलं नेमाचं, तर मी काय चेंडू आहे? मी हलत नाही. दार उघडंच राहू दे, यांना दिसू दे." आणि त्यांनी आ केला.

मी दिवा ओढला. सुई दिली, थांबलो, चिमटा हातात घेतला. माझा हात जिथे जायला हवा होता तिथेच गेला. दात सुटून आला तेव्हा हानमना कळलंही नव्हतं. त्या अजून डोळे मिटून वाट बघत होत्या. मी ताटलीत टाकला, तेव्हा त्या आवाजाने त्यांनी डोळे उघडले.

त्या उठल्या, चूळ भरली, कापूस दाताखाली नीट दाबला, काठी घेतली आणि दारातल्या गर्दीतून बरोबर एकाच्या छातीला ती टेकवली.

"नाझीम," त्या कापसाआडून म्हणाल्या, "आत जा. आणि हलू नकोस."